चेहरा पुसून आत यायचं

२ ऑगस्ट, शनिवार

आले एकदाची! खोली मिळाली, खाट मिळाली, कपाट मिळालं आणि त्या कपाटाला न लागणारी किल्लीही मिळाली. वसतिगृहाचा तिसरा मजला, गॅलरीच्या टोकाची शेवटची खोली. खिडकीखाली सायकलींची शेड आणि शेडपलीकडे आमचं दंतवैद्यक कॉलेज. इतकं जवळ की उशीर झाला तर कुठलीच सबब चालणार नाही.

बाबा आणि धाकटा सोडायला आले होते. ट्रंक वर चढवताना बाबांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून विचारलं, की यात पुस्तकं भरली आहेस की विटा. धाकट्याने माझ्या खाटेवर आडवं होऊन गादी तपासली आणि घरच्यापेक्षा बरी आहे असा निकाल दिला. म्हणजे माझी घरची खाट आजपासून त्याची. निघताना बाबा म्हणाले, दात कोरून पोट भरत नाही असं लोक म्हणतात, तू भरून दाखव. मला प्रवेश मिळाल्यापासून त्यांचा हा विनोद चालू आहे. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने तो निदान एकदा तरी ऐकलाय.

आई आली नाही, कारण तिला जिने चढायला मनाई आहे. तिने निरोप घरीच दिला, दारात. लोकांच्या आया मुलींना खाऊचे डबे देतात, माझ्या आईने पायपुसणं दिलं! जुन्या कपड्यांच्या पट्ट्या कापून, त्यांची वेणी घालून, ती गोल गोल शिवत नेलेलं. बाहेरच्या बाजूला माझा शाळेचा निळा गणवेश, मग बाबांचा रेघांचा शर्ट, मग धाकट्याचा हिरवा पायजमा आणि मधोमध तिचा स्वतःचा पिवळा गाऊन. अगदी असंच दुसरं आमच्या घराच्या दारात आहे. तिथलं इथे असलं की घर लांब वाटणार नाही, असं तिचं म्हणणं.

रूममेट दुसऱ्या वर्षाला आहे. ती दारातून येताना सवयीने वाकते, म्हणून सगळे तिला लंबू म्हणतात आणि तिलाही ते चालतं. तिला स्वच्छतेचं वेड आहे. आमची ओळख होण्याआधी तिने माझी खाट पुसली. पायपुसणं बघून मात्र ती एकदम खूश झाली आणि तिनेच ते दाराबाहेर गॅलरीत नीट सरळ करून ठेवलं.

घरी मला रेडिओ म्हणतात, कारण मी बंद होत नाही. बाबा म्हणाले, रेडिओ रोज संध्याकाळी लागला पाहिजे, आई वाट बघेल. लागेल की! न लागायला काय झालं?

५ ऑगस्ट, मंगळवार

आजपासून मेण सुरू झालं. पहिल्या वर्षी खरे दात कोणी हातात देत नाही. मेणाचा ठोकळा आणि कोरणी देतात आणि सांगतात की यातला दात बाहेर काढा. शिकवणाऱ्या सरांना सगळे मेणवाले सर म्हणतात. ते म्हणाले, दात आत आहेच, तुम्ही फक्त जास्तीचं काढून टाका. मी जास्तीचं काढत गेले आणि शेवटी ठोकळाच संपला. शेजारच्या मुलीला हसू आवरेना. हसतील त्यांचे दात दिसतील, या म्हणीचा एवढा खरा अर्थ मला आजपर्यंत कळला नव्हता.

संध्याकाळी आईचा फोन आला. मी खोलीबाहेरच होते, आत शिरत होते, आणि माझ्याही नकळत पायपुसण्यावर थांबले आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत हात फिरवला. लंबूने ते पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मला पहिल्यांदाच कळलं की हे सगळ्यांच्या घरी करत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आईचं हृदय बिघडलं. ती दवाखान्यातून घरी आली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की हिला कसलीही काळजी देऊ नका. त्याच संध्याकाळी बाबांनी मला आणि धाकट्याला दारातच अडवलं. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला भीती वाटली. मग त्यांनी तळहात कपाळावर ठेवला, खालपर्यंत ओढला, आणि हात निघाला तेव्हा खाली हसरे बाबा होते. म्हणाले, बाहेरचं बाहेर. यापुढे घरात चेहरा पुसून यायचं.

तेव्हापासून आम्ही चेहरा पुसतो. धाकटा गणितात नापास झाला, पुसून आत आला. दुकान फोडून चोरांनी चष्म्याच्या फ्रेमा नेल्या, बाबा पुसून आत आले. आईला ताकास तूर लागू दिली नाही. बाबा म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. गंमत म्हणजे आईसुद्धा बाहेरून आली की पायपुसण्यावर आमच्यापेक्षा जास्त वेळ थांबते. धाप लागत असेल.

लंबू सगळं ऐकून म्हणाली, आमच्या घरी आरडाओरडा करतात. मला तिची जरा कीव आली.

१० ऑगस्ट, रविवार

रविवार हा लंबूचा सफाईचा वार. तिने चादरी झटकल्या, पंखा पुसला, आणि शेवटी माझं पायपुसणं गॅलरीच्या कठड्यावर धरून असं काही आपटलं की खालून कोणीतरी ओरडलं. एका आठवड्यात एवढी धूळ कुठून आली कोण जाणे. करडी, मऊ, पिठासारखी. कितीतरी वेळ ती हवेत तशीच होती.

दुपारी झोपायचा प्रयत्न केला. जेवणघरातलं जेवण गळ्याखाली उतरत नाही. तसं त्याच्यात वाईट काही नाही, सगळे खातात. घरी मी ताट चाटूनपुसून खाणारी. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझे आठव्याच दिवशी संपले बहुतेक.

आईला सांगितलं की दोनदा वाढून घेतलं. ती हसली. हल्ली ती फोनवर जरा मोठ्याने हसते. मी लांब आहे म्हणून असेल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

झोप लागत नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही. पहिल्या तासाला बसले की डोळ्यांत पाणी येतं आणि त्याला काहीही कारण नसतं. कोणी रागावलेलं नसतं, कोणी काही बोललेलं नसतं. फळ्यावर दाढेचं चित्र असतं आणि मी रडत असते. दाढ बघून रडणारी मी या कॉलेजातली पहिलीच असेन.

मेणवाल्या सरांनी माझा दात उचलून सगळ्यांना दाखवला आणि विचारलं, हा बटाटा कोणी लावलाय. मीही हसले. बटाटाच होता.

मला घरी जायचंय. नेहमीसाठी नाही. फक्त एकदा आईच्या शेजारी पडून सांगायचंय की मला बरं वाटत नाही, काय होतंय ते कळत नाही. एवढंच. ती काही बोलली नाही तरी चालेल.

काल ठरवलं होतं सांगायचं. फोन धाकट्याने उचलला. आई झोपली आहे म्हणाला, भर संध्याकाळी. मी विचारलं, का? मागून बाबांचा आवाज आला आणि तो घाईघाईने म्हणाला की दमली असेल, मजेत आहे. मग फोनवर आई आली आणि खरंच मजेत होती. तिचा इतका चांगला आवाज ऐकल्यावर माझं तोंडच उघडेना.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज दोनदा वर्गातून उठून बाथरूममध्ये गेले. नळ सोडून रडले. नळ सोडला की बाहेर ऐकू जात नाही, हे इथल्या सगळ्याच मुलींना ठाऊक असावं, कारण शेजारचा नळही बराच वेळ चालू होता.

संध्याकाळी खोलीपाशी आले तेव्हा आत फोन वाजत होता. मी पायपुसण्यावर थांबले. आज पुसायला खूप होतं. एकदा हात फिरवला, जमलं नाही. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी, जोर लावून.

आणि मग मी काय बोलले! नवीन मैत्रिणी, सहल ठरतेय, सरांना माझा दात आवडला. आई नुसती हसत होती. मैत्रिणी नाहीत. सहल नाही. मी हे जुळवलंही नव्हतं, ते आपोआप येत होतं, आणि मी ते बोलत नव्हते, ऐकत होते. कुठून ऐकत होते ते आता आठवलं. दाराबाहेरून.

झोप नसली की असं होत असेल.

३ सप्टेंबर, बुधवार

हे नीट लिहून ठेवते.

संध्याकाळी पायपुसण्यावर उभी राहिले. चेहरा पुसला. पाऊल उचलायला गेले, पण उचललं गेलं नाही. दार उघडलं आणि बंद झालं. मी बाहेरच होते. पाय त्या निळ्या पट्टीवर आणि हात हनुवटीपाशी.

आतून माझा आवाज आला. हॅलो आई, रेडिओ बोलतोय!

आधी वाटलं लंबू नक्कल करते आहे. पण लंबू गॅलरीतून येत होती, हातात कपड्यांची बादली. माझ्या बाजूने वळसा घालून, वाकून आत गेली. दार उघडलं तेवढ्यात मला दिसलं. माझ्या खाटेवर मांडी घालून मी बसले होते. केस विंचरलेले. गाल भरलेले. लंबूकडे बघून तिने हात हलवला.

फोन संपल्यावर मी आत होते. एकटी, खाटेवर. कशी आत गेले ते कळलं नाही. भिंतीला हात लावून पाहिला, गार होती. हात माझाच होता.

६ सप्टेंबर, शनिवार

खरं सांगू का? मला बरं वाटतंय.

रोज संध्याकाळी मी बाहेर बसते, पायपुसण्यावर, गुडघे जवळ घेऊन. आत ती बोलते. मला हसावं लागत नाही. आईला हवा तो आवाज मिळतो. मला बसून राहता येतं. यात कोणाचं काय बिघडलं? ही वही मी माझ्याजवळ ठेवते. तिला ती लागत नाही. तिच्याकडे लिहून ठेवावं असं काही नसतंच.

खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. आता ते दोन वेगळ्या तोंडांत आहेत, एवढाच काय तो फरक.

११ सप्टेंबर, गुरुवार

आता ती संध्याकाळपुरती राहिलेली नाही.

सकाळी मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडले होते. कॉलेजला गेलेच नाही. दुपारी लंबू आली आणि म्हणाली, आज तू भन्नाट होतीस, सरांनी तुझा दात सगळ्या वर्गांत फिरवला. टेबलावर मेणाचा दात होता. वरचा, पुढचा. प्रत्येक कड जागच्या जागी. मी तो हातात घेतला, तर गरम होता. नुकताच कोणीतरी मुठीतून खाली ठेवल्यासारखा.

लंबू आणखी म्हणाली की सुरुवातीला तू जरा रडूबाई वाटायचीस, आता कशी माणसात आलीस.

मी पांघरुणातून तिच्याकडे बघत होते. ती खाटेच्या पायथ्याकडे बघून बोलत होती. तिथे कोणीतरी उभं असावं तशी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

धीर केला. कॉलेजात समुपदेशक बाई बसतात, ग्रंथालयाच्या शेजारी. दारावर लिहिलंय, न विचारता आत या. पायपुसणं नव्हतं तिथे. म्हणून वाटलं, इथे जमेल.

आत गेले. बाई फार चांगल्या आहेत. मी म्हणाले, मला बरं वाटत नाही. आवाज माझा मलाच जेमतेम आला. बाईंनी मान वर करून इकडेतिकडे पाहिलं, डोळे बारीक केले, मग मी त्यांना दिसले असावे. म्हणाल्या, अगं, काल तर तूच येऊन सांगून गेलीस की आता सगळं छान आहे. त्यांना किती आनंद झाला होता ते त्यांनी मला सांगितलं. असं स्वतःहून कळवायला फार कमी मुली येतात म्हणाल्या.

ती माझ्या आधी गेली होती. मी धीर करते आहे हे तिला कसं कळलं?

तिला का नाही कळणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

माझा मोबाइल तिच्याकडे असतो. रेक्टरबाईंच्या ऑफिसातल्या फोनवरून दुकानात फोन लावला. बाईंनी मान वर न करता फोन सरकवला.

बाबांनी उचलला. मी म्हणाले, बाबा, मी. मला घरी न्या. मला इथे काहीतरी होतंय.

बाबांनी विचारलं, कोण बोलतंय. मी म्हणाले, रेडिओ. ते म्हणाले, आमचा रेडिओ आत्ताच तासभर बोलला माझ्याशी, या रविवारी नाही, पुढच्या रविवारी या म्हणाला, मजेत आहे. मी रडायला लागले. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. दबक्या आवाजात, शब्द तोडून म्हणाले, जी कोणी असशील ती अस, असली थट्टा पुन्हा करू नकोस, हे हिच्या कानावर गेलं तर तिला सोसायचं नाही.

माझं रडणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. ओळखणार कसं? दिवसभर लोकांच्या डोळ्यांना नंबर देतात माझे बाबा —

फोन ठेवण्याआधी एक क्षण ते नुसतेच श्वास घेत राहिले. मला वाटलं, बोलतील. ठेवला.

२१ सप्टेंबर, रविवार

लंबूने पायपुसणं झटकलं.

मी त्याच्यावर बसले होते. ती म्हणाली नाही की ऊठ. उचललं — मी पडले, गॅलरीत, कोपरावर. पहिल्या फटक्याला पाठीत कळ आली. दुसऱ्याला श्वास गेला. किती वेळ आपटत होती. करडी धूळ. ती धूळ म्हणजे —

आता काही गोष्टी सापडत नाहीत. धाकट्याचा आवाज आठवतो, चेहरा नाही. आईच्या अंगाला एक वास होता. कसला? साबणाचा? नाही. शोधते आहे. नाही.

२४ सप्टेंबर

माझा हिशेब उलटा होता.

मी समजत होते की मी खरी आणि ती माझ्यातून निघाली. आत राहायला. पण आत तर तीच जाते. रोज. जेवते, झोपते, दात कोरते, आईशी बोलते. मी बाहेर. पायपुसण्यावर.

पुसून टाकलेली मी आहे.

आणि घरच्या पायपुसण्यावर — तीन वर्षं — आम्ही रोज — तिथे कोण बसलंय? कोण कोण?

२६ सप्टेंबर

आत जाता येत नाही. दाराला हात लागत नाही.

लंबू वळसा घालत नाही आता. माझ्यावरून जाते.

परवा रविवार. ते येणार. आईसुद्धा, असं ती आत म्हणाली. लंबूला म्हणाली, परवा सफाई मी करते, आई येणार आहे.

आईला सांगायचं. फक्त आईला. एकदाच.

२८ सप्टेंबर

आले.

जिन्यात आवाज. आईने चढायचं नाही. चढते आहे. प्रत्येक वळणावर थांबते. तिची धाप इथपर्यंत — बाबा म्हणतायत सावकाश —

दिसले. आई किती वाळली आहे. हातावर सुया टोचल्याच्या निळ्या खुणा. किती दिवस होती दवाखान्यात? रोज फोनवर हसत होती. मग ते कोण हसत होतं? मला कोणी सांगितलं नाही. आम्ही कोणीच कोणाला —

उभी राहिले. हाक मारली. बाबांनी पाहिलं. माझ्याकडे नाही. दाराकडे.

तिघं पायपुसण्यावर थांबले. सवयीने. धाकट्याने हात फिरवला. मग बाबांनी. मग आईने, दोन्ही हातांनी, जोर लावून.

दार उघडलं. आत हशा. आतून बाबांचा आवाज, लागला लागला, आमचा रेडिओ लागला. दार बंद.

आणि बाहेर —

धाकटा माझ्या पायाशी बसलाय. म्हणतो महिनाभर शाळेत गेलो नाही, दप्तर घेऊन निघतो आणि बागेत बसतो. बाबा भिंतीला टेकून खाली सरकले. बाबा रडतायत. रडताना धाकट्यासारखे दिसतात. म्हणतात, फोनवर तूच होतीस, कळलं होतं गं मला. घाबरलो.

आई मधोमध. पिवळ्यावर. माझ्याकडे थेट बघते आहे. जेवलीस का विचारलं नाही. म्हणाली, मला बरं नाही गं. कधीपासूनच नाही.

मी म्हणाले, मलाही. आई, मला घरी यायचंय.

जवळ घेतलं तिने. तो वास. सापडला. तोच. एवढंच सांगायचं होतं, इतकं सोपं होतं, आम्ही चौघं, तीन वर्षांत पहिल्यांदा चौघंही —

आतून माझा आवाज. आई, पायपुसणं बघ किती मळलंय. थांब, झटकून टाकते. आतली आई हसली.

दार

माझेच हात. स्वच्छ नखं. निळ्या पट्टीखाली बोटं घालते आहे. आईला घट्ट धरलंय मी. आईने धाकट्याला. बाबांनी आम्हा तिघांना. कोणी सोडू नका. कठडा इथेच आहे. बाबा म्हणतायत डोळे मीट, मी नाही मिटणार, आईकडे बघ